बी पेरून झोपी जाणारा माणूस

आजचं वाचन: मार्क ४:२६–२९



दर शनिवारी संध्याकाळी धायरीत आमच्या घरी तरुणांचा बायबल अभ्यास असतो. मागच्या शनिवारी तो संपल्यावर चहा घेताना गटातल्या एका मुलीने विचारलं, "दादा, मिशनरी लोक परदेशात जाऊन दिवसभर नक्की करतात काय?" ती सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी जर्मनीला चालली आहे. प्रश्न मिशनरींचा होता, पण खरं तिला स्वतःबद्दलच विचारायचं होतं. तिथे चर्च सापडेल का, भाषा येईल का, लेक्चर, पार्टटाइम नोकरी, भांडी, कपडे या सगळ्यात देवासाठी माझ्याकडून काही होईल का?

मी उत्तर दिलं, "सुवार्ता सांगतात." तिने मान डोलावली आणि कप विसळायला आत गेली. उत्तर चुकीचं नव्हतं, पण पोकळ होतं. सुवार्ता सांगायला दिवसाचे किती तास लागतात? बाकीच्या तासांचं काय? आजचं वाचन उघडलं तेव्हा वाटलं, तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

प्रभू येशू इथे देवाच्या राज्याची एक अगदी छोटी गोष्ट सांगतात. चारच वचनं. एक माणूस जमिनीत बी टाकतो. मग तो रात्री झोपतो, सकाळी उठतो. दिवस जातात. बी रुजतं, वाढतं, आणि ते कसं, हे त्याला कळत नाही. जमीन आपलं आपण पीक देते: आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पीक तयार झालं की तो विळा घालतो, कारण कापणीची वेळ आलेली असते.

ही गोष्ट फक्त मार्कनेच नोंदवली आहे. यातल्या "आपलं आपण" या ठिकाणी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तो आहे ऑटोमाटे. आपला 'ऑटोमॅटिक' त्याच घराण्यातला. आपल्या फिल्डमधल्या लोकांना हे वाचून गंमत वाटेल, पण नीट बघा, या गोष्टीत ऑटोमॅटिक काय आहे? फक्त वाढ. पेरणी मॅन्युअल आहे. कापणीसुद्धा मॅन्युअल आहे. आणि मधल्या काळात त्या माणसाचं काम काय? झोपणं आणि उठणं. म्हणजे रोजचं जगणं.

माझे आजोबा नगर जिल्ह्यात कोरडवाहू शेती करायचे. रब्बीला पाभरीने ज्वारी पेरायचे. लहानपणी एकदा मी पेरणीनंतर दोन-तीन दिवसांनी माती उकरून बघत होतो, मोड आलाय का म्हणून. आजोबांनी हात धरला आणि म्हणाले, "पेरलेलं उकरायचं नसतं, बाळा." रागावले नाहीत. पण उकरलेला तो दाणा काही परत रुजला नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. आपण महाराष्ट्रातले ख्रिस्ती लोक मिशनरी म्हटलं की आफ्रिका नाहीतर ईशान्य भारत आठवतो. आपण स्वतः कोणाच्या तरी 'परदेशात' राहतो, हे विसरतो. पुणे, मुंबई, नाशिक, नगर हे कोणासाठी तरी पृथ्वीचं शेवटचं टोक होतं. अशाच एका तरुणाचे दिवस आज बघूया. त्यांचं नाव रेव्ह. गॉर्डन हॉल.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेत सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना परदेशी सेवेसाठी दीक्षा दिली गेली. जडसन, नॉट, न्यूवेल, हॉल आणि राइस. पाचही जण तिशीच्या आतले. त्याच महिन्यात त्यांची जहाजं निघाली. हॉल ज्या जहाजात होते ते ऑगस्टमध्ये कलकत्त्याला पोहोचलं. जवळजवळ सहा महिने नुसतं पाणी. आपल्याला फ्लाइटमध्ये नऊ तास वायफाय नसलं तरी जीव कासावीस होतो.

पोहोचल्यावर स्वागत काय झालं? ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने सांगितलं, परत जा. कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. त्यात त्याच वर्षी अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध सुरू झालेलं, म्हणजे हे तरुण शत्रुराष्ट्राचे नागरिक. हॉल आणि नॉट कसेबसे मुंबईच्या जहाजात चढले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. तिथेही हुकूम त्यांच्या मागे होताच. जवळजवळ वर्षभर त्यांच्या डोक्यावर हद्दपारीची टांगती तलवार होती. शेवटी हॉल यांनी मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना पत्र लिहून त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीलाच हाक घातली. नेपियन यांनी त्यांना राहू दिलं. व्हिसाच्या स्टेटसकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या मित्रांना हे वर्ष कसं गेलं असेल ते समजावून सांगायला नको.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते त्या वर्षात हॉल यांनी काय केलं, याने. आपण उद्या इथे असू की नाही हे माहीत नसताना ते मराठी शिकायला बसले. उद्या हाकलतील तर आज कशाला शिकायचं, असं त्यांनी म्हटलं नाही. साधनं किती होती? केरीसाहेबांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी शब्दकोश १८१० मध्ये बंगालात सेरामपूरला छापून झालेला होता, पण कोश मोडी लिपीत. मोल्सवर्थचा मोठा कोश यायला अजून बरीच वर्षं होती. त्यामुळे पंडिताजवळ बसायचं, ऐकायचं, चुकायचं, परत म्हणायचं. अठ्ठावीस वर्षांचा, कॉलेज शिकलेला माणूस लहान मुलासारखा 'ळ' आणि 'ण' घोटत बसलेला डोळ्यांसमोर आणा.

मग हळूहळू त्यांचा एक दिवसक्रम बसला, आणि तेरा वर्षं तो फारसा बदलला नाही. अभ्यास. भाषांतर. मुंबईच्या रस्त्यांवरून पायी फिरणं. बाजारात, देवळांच्या आवारात, जिथे चार लोक थांबतील तिथे मराठीत बोलणं. कधी दहा जण ऐकायचे, कधी बरेच जमायचे, कधी वाद व्हायचा, कधी लोक हसून निघून जायचे. १८१५ पासून मिशनच्या शाळा सुरू झाल्या, त्या बघायच्या. १८१७ मध्ये मिशनच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका निघू लागल्या, त्यांची मुद्रितं तपासायची. १८२४ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. आणि परत दुसऱ्या दिवशी तेच.

ऑफिसमध्ये आपलं रोज सकाळी स्टँडअप असतं. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय आहे. हॉल यांचं स्टँडअप कसं झालं असतं? काल: मत्तयाच्या शुभवर्तमानाचं भाषांतर, बाजारात बोललो. आज: भाषांतर, बाजार. अडचण: कोणी विश्वास ठेवत नाही. एक-दोन आठवडे नाही, वर्षानुवर्षं हेच. ज्याला आपण आज 'रिझल्ट' म्हणतो, तो त्यांच्या हयातीत जवळजवळ काहीच दिसला नाही. बाप्तिस्मा घेणारे एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेसुद्धा नाहीत.

सोबतीही गळत गेले. नॉट यांची तब्येत ढासळली, ते १८१५ मध्ये परत गेले. न्यूवेल नंतर येऊन मिळाले, पण ते आले ते पत्नीला मॉरिशसच्या मातीत ठेवून. हॅरिएट न्यूवेल १८१२ मध्ये तिथे वारल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांचं बाळ त्यांच्या आधी समुद्रावरच गेलं होतं. आणि १८२१ मध्ये खुद्द न्यूवेल मुंबईत कॉलऱ्याने गेले.

आता यात एक गोष्ट आहे जी इंजिनिअर म्हणून मला टोचली. १८१८ मध्ये हॉल आणि न्यूवेल यांचं एक छोटं पुस्तक अमेरिकेत छापलं गेलं. त्यात त्यांनी हिशोब मांडला होता. जगात सुवार्ता न पोहोचलेले लोक साठ कोटी. दर वीस हजारांमागे एक मिशनरी धरला तर लागतील ३० हजार मिशनरी. आपण एक्सेलवर रिसोर्स प्लॅनिंग करतो ना, अगदी तसंच. मी त्यांना हसत नाही. तो हिशोब कळकळीतून आला होता. पण ३० हजारांचा हिशोब मांडणारा माणूस सकाळी उठून बाजारात जायचा तेव्हा समोर दहा जण असायचे, त्यातले आठ टवाळकी करायला आलेले असले तरी तो त्या दहांशी बोलायचा. आकडा मोठा होता म्हणून समोरचा माणूस छोटा झाला नाही. हे मला जमत नाही. तुम्हाला जमतं का?

इथे थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी. हॉल आणि त्यांच्या पिढीच्या लिखाणात आपल्या पूर्वजांबद्दल, त्यांच्या श्रद्धेबद्दल असे शब्द आहेत की आज वाचताना मान खाली जाते. हे लोक अंधारात आहेत आणि दिवा फक्त आमच्या हातात आहे, असा तो सूर आहे. परदेशात सेवा करणाऱ्याचा हा जुना मोह आहे: ज्यांच्यात राहायचं त्यांना आधी कमी लेखायचं. त्यांच्या प्रेमाचा आदर करताना हा दोष झाकायची गरज नाही. देव निर्दोष लोक शोधत बसला असता तर पेरणारा एकही मिळाला नसता, मी तर नक्कीच नाही.

आणि मग त्यांचा शेवटचा प्रवास. मार्च १८२६. पत्नी आणि दोन मुलं आदल्या वर्षीच अमेरिकेला गेलेली. हॉल मागे राहिले होते, काम होतं म्हणून. सोबत दोन मुलं घेऊन ते मुंबईहून घाट चढून नाशिककडे निघाले. पुस्तिका वाटत, बोलत बोलत नाशिकला पोहोचले तर तिथे कॉलऱ्याची साथ पेटलेली. ते थांबले. जवळची औषधं वाटली, पुस्तकं वाटली. दोन्ही संपत आल्यावर परत मुंबईच्या वाटेला लागले. १९ मार्चच्या रात्री वाटेतल्या एका खेड्यात ते एका देवळाच्या ओसरीवर झोपले. थंड वारा लागत होता म्हणून आडोसा शोधायला गेले तर त्या जागेत दोन आजारी माणसं होती आणि एक मेलेला. तिथेच त्यांनी अंग टाकलं. पहाटे चारच्या सुमाराला पुढे निघायला उठले, तोच कॉलऱ्याने गाठलं. देवाची स्तुती करत काही तासांतच त्यांनी प्राण सोडला. वय एक्केचाळीस. सोबतच्या मुलांनी त्यांना तिथेच मातीत ठेवलं.

मी हे वाचलं त्या रात्री बराच वेळ लॅपटॉप बंद न करता बसलो होतो. ज्यांनी आयुष्यभर देवळांच्या दारात उभं राहून मूर्तिपूजेविरुद्ध सांगितलं, त्यांना शेवटच्या रात्री निवारा दिला तो एका देवळाच्या ओसरीने. शेवटचे शेजारी होते दोन अनोळखी आजारी गावकरी. ३० हजार मिशनरींचा हिशोब मांडणाऱ्याला माती द्यायला दोन मुलं होती. जगाच्या हिशोबाने हा प्रोजेक्ट फेल. पण मला वाटतं, त्या रात्री हॉल यांचं परदेशीपण संपलं. पाहुणा असतो तोवर माणूस द्यायला आलेला असतो. त्या ओसरीवर ते घेणारे झाले, आणि त्याच आजारात, त्याच मातीत, इथल्या माणसांच्या रांगेत जाऊन बसले. आपला प्रभूसुद्धा असाच आला. वरून औषध टाकून गेला नाही, आपल्या आजाऱ्यांमध्ये येऊन झोपला.

मार्च म्हणजे आपल्याकडे रब्बीच्या काढणीचे दिवस. हॉल यांनी स्वतः काही कापलं नाही. पण त्याच वर्षी, १८२६ मध्ये, मराठीतला संपूर्ण नवा करार त्या मिशनच्या छापखान्यातून छापून पूर्ण झाला. १८३१ मध्ये त्याच मिशनचे लोक नगरला गेले. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झालं. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांची गीतं आज आपण उपासनेत गातो ती इतक्या सहज, की जणू ती इथेच उगवली. इथेच उगवली आहेत. आधी पात, मग कणीस, मग भरलेला दाणा. माझ्या आजोबांच्या घरात बायबल आलं तेही याच वाटेने कुठून तरी. म्हणजे आज तुम्ही हे वाचताय, त्याच्या मुळाशी कुठेतरी १८१३ सालचा एक तरुण आहे, जो हाकलून देतील की काय या भीतीत 'ळ' घोटत बसला होता.

पण "बघा, शेवटी यश मिळालंच" असा अर्थ काढू नका. ते पुन्हा उकरून बघणंच झालं, फक्त दोनशे वर्षांनी. येशूंच्या गोष्टीतला माणूस पेरतो आणि झोपतो. का झोपू शकतो? कारण वाढवणारा जागा आहे. ज्याला वाटतं सगळं माझ्यावर आहे, त्याला झोप लागत नाही. रात्री दोनला फोन हातात घेऊन प्रॉडक्शन सर्व्हर चालू आहे ना हे बघणारे आपण. देवाच्या राज्याचा सर्व्हर तुमच्या ऑन-कॉलवर चालत नाही, मित्रांनो. झोपणं हासुद्धा विश्वासच आहे.

आता माझी गोष्ट, थोडक्यात. आमच्या शनिवारच्या गटात मागच्या वर्षी अकरा जण यायचे. आता तिघं येतात. सिंहगड रोडचा ट्रॅफिक, शिफ्ट, लग्नं, कारणं खरी आहेत. मी दोन महिन्यांपासून मनात ठरवत होतो की हे बंद करावं, वेळ वाया जातोय. पत्नीला सांगितलंही होतं. ती म्हणाली होती, "बंद कर. पण तिघं आली म्हणून नको करू. देव म्हणाला म्हणून कर." मी गप्प बसलो, कारण देवाला मी विचारलंच नव्हतं. मी फक्त मोजलं होतं. म्हणून कबूल करतो: मी पेरलेलं उकरून बघत होतो. पुढच्या शनिवारी सात वाजता दार उघडं असेल. तिघांसाठी चहा ठेवू. त्यातली एक सप्टेंबरमध्ये जाईल, मग दोघांसाठी.

आणि जिने प्रश्न विचारला, तिला माझं उत्तर असं आहे:

ताई, मिशनरी दिवसभर झोपतात, उठतात, भाषा शिकतात, समोर येईल त्या माणसाशी बोलतात, आणि परत झोपतात. तू जर्मन शीक. नोकरीसाठी लागते म्हणून तर शीकच, पण शेजारच्या आजीबाईंना त्यांच्या भाषेत "कशा आहात" विचारता यावं म्हणूनही शीक. मी एकदा सहा महिने ऑनसाइट होतो. रोज माझं डेस्क पुसणाऱ्या बाईंना सहा महिन्यांत मी त्यांच्या भाषेत धड आभारसुद्धा मानले नाहीत, आणि रविवारी चर्चमध्ये मात्र सेवेबद्दल मोठी प्रार्थना करत होतो. तू असं करू नकोस. त्या लोकांना कमी लेखू नकोस, आणि त्यांच्यापुढे स्वतःलाही नको. कोणी ओसरीवर जागा दिली तर घे. नुसती देणारी होऊन राहू नकोस. आणि आठ महिन्यांनी फोन करून "दादा, इथे काहीच होत नाहीये" असं म्हणशील, तेव्हा मी तुला आजोबांचं वाक्य ऐकवणार आहे.

आजसाठी एवढंच करूया. एक अशी गोष्ट आठवा जी तुम्ही देवासाठी सुरू केलीत आणि फळ दिसत नाही म्हणून सोडायच्या बेतात आहात. कोणासाठी केलेली प्रार्थना असेल, रुसलेल्या भावाला पाठवलेला मेसेज असेल, संडेस्कूलचा वर्ग असेल. आज ती एकदा परत करा. मग मोबाइल बाजूला ठेवा आणि वेळेवर झोपा.

प्रार्थना करूया.

हे पित्या, तू पेरणाराही आहेस आणि पावसाचा धनीही. आमच्याकडे ज्यांनी परक्या देशातून येऊन बी टाकलं आणि कापणी न बघता मातीत गेले, त्यांच्यासाठी तुझे आभार. त्यांच्या चुका आमच्यात पुन्हा येऊ देऊ नकोस, त्यांची चिकाटी दे. जे आज घर सोडून दूर देशी निघाले आहेत, त्यांना तिथे भाषा दे, शेजारी दे, आणि घेण्याची नम्रता दे. आम्ही मोजत बसतो, आम्हाला क्षमा कर. उद्या सकाळी उठून समोरच्या एका माणसाशी प्रेमाने बोलायला शिकव. आणि आज रात्री शांत झोप दे, कारण तू जागा आहेस. येशूच्या नावाने मागतो, आमेन.